यादीत ४८ नावं, तपासणीला ११ जणी

पत्र : मी एका कारखान्यात पॅकिंग विभागाची सुपरवायझर आहे. विभागात बहुतेक बायकाच आहेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर आम्ही एका डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, प्रश्नही विचारले. बाहेर पडताना दाराशी टेबल मांडून नावं घेतली, ४८ जणींनी दिली. दोन आठवड्यांनी एका मंगळवारी कारखान्याच्याच दवाखान्यात मोफत एचपीव्ही टेस्ट (या कॅन्सरला कारणीभूत होणारा विषाणू शोधणारी) ठेवली. आल्या ११. त्यातल्या दोघींचे रिपोर्ट अजून आलेले नाहीत. एकीचा पॉझिटिव्ह आला आणि तिच्या घरी नवरा-बायकोत मोठं भांडण झालं. तेव्हापासून बाकीच्या विषयही काढू देत नाहीत. माझी थोरली बहीण याच विभागात आहे. वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. "मला काही त्रास नाही, कधीतरी एखादा डाग पडतो, तेवढं चालायचंच," म्हणून तिनेही टाळलं. इतकं समजावूनही बायका का येत नाहीत? पुन्हा शिबिर घ्यावं का?

उत्तर :

शिबिराचं नंतर बोलू. आधी तुमच्या ताईंचं, कारण पत्रातली सगळ्यात निकडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. पाळी बंद होऊन एक वर्ष उलटल्यावर अंगावरून थेंबभर रक्त गेलं तरी ते तपासून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. योनीमार्गाचं अस्तर कोरडं, पातळ झालेलं असतं किंवा आत छोटासा पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, असतो. पण गर्भाशयमुखाचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही असाच एखाद्या डागाने सुरू होऊ शकतो, आणि नुसतं वर्णन ऐकून कुणालाही फरक सांगता येत नाही. ताईंना शिबिराची नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाची गरज आहे, आणि तीही याच आठवड्यात. तिथे आतून तपासणी होईल, अस्तराची जाडी बघायला सोनोग्राफी होईल, गरज वाटली तर तुकडा काढून लॅबला पाठवतील. एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली तरी हा विषय मिटत नाही, कारण गर्भाशयाच्या अस्तरात काय चाललंय ते त्या टेस्टला कळत नाही.

हे विभागातल्या सगळ्यांनाच सांगून ठेवा. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त दिसणं, रक्ताळलेलं किंवा घाण वास येणारं पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या शिबिरापर्यंत थांबायचं नाही. शिबिरातली टेस्ट ज्यांना काहीही होत नाही त्यांच्यासाठी असते. ज्यांना काही होतंय त्यांची तपासणी वेगळी.

आता बाकीच्या ३७ जणी. "इतकं समजावूनही" असं तुम्ही लिहिलंय, त्यात माहिती मिळाली की बाई येतेच असं गृहीत धरलं आहे. तसं होत नाही. माहिती लागतेच, पण तुमच्याकडे ती पोचली होती. ४८ नावं हा त्याचाच पुरावा. नाव देणं आणि प्रत्यक्ष तपासणीच्या टेबलावर जाऊन झोपणं, या दोन्हींच्या मध्ये प्रत्येकीचं काहीतरी वेगळं अडतं. सगळ्यांना एकत्र बसवून ते कळत नाही. "का आला नाहीत?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : वेळ नव्हता. त्याऐवजी असं विचारा, "पुन्हा ठेवलं तर काय बदलू, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल?" एकेकीला, एकट्यात. आणि शक्यतो तुम्ही स्वतः विचारू नका, जाऊन आलेल्या ११ जणींपैकी कुणाला तरी विचारू द्या. तुमच्या हातात हजेरी आणि रजा असते. सुपरवायझरला खरं कारण सांगणं अवघड जातं, तुमचा स्वभाव कितीही चांगला असला तरी.

काही कारणं मात्र न विचारताही तुमच्या पत्रातच दिसतात.

पहिलं कारण म्हणजे एकच दिवस. पाळी चालू असलेल्या वयातल्या बायकांमध्ये कुठल्याही एका दिवशी साधारण पाच-सहा जणींत एकीला रक्तस्राव चालू असतो. म्हणजे ४८ पैकी सात-आठ जणी तरी त्या मंगळवारी येणं शक्यच नव्हतं, आणि तसं येऊन सांगणं त्यांना जमलं नसणार. पर्यायी दिवस दिला नाही, तर या बायका नकार न देताच गळतात. निदान दोन तारखा ठेवा, मध्ये दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवून. एक चुकली तर दुसरी मिळते.

दुसरं, कामाची वेळ. टेस्टला उठून जाणारीच्या जागेवर कोण उभं राहणार होतं? तो वेळ पगारात धरला जाणार होता का? हे आधी स्पष्ट सांगितलं नसेल, तर बाई स्वतःच हिशोब करते आणि न येण्याचं ठरवते. जिथे उत्पादनाचा आकडा गाठायचा असतो तिथे वीस मिनिटं उठणं म्हणजे शेजारणीवर भार टाकणं, आणि तो संकोच स्वतःच्या तब्येतीच्या काळजीपेक्षा जड ठरतो. तपासणीची वेळ भरपगारी आहे आणि जागेवर बदली माणूस असेल, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या.

तिसरं कारण सगळ्यात नाजूक आहे : दाराशी मांडलेलं ते टेबल. व्याख्यानात डॉक्टरांनी सांगितलं असणार की एचपीव्ही शरीरसंबंधांतून पसरतो. त्यानंतर पाचच मिनिटांत, सगळ्यांच्या देखत, उघड्या यादीत नाव लिहायचं. ज्यांनी लिहिलं त्यातल्या काहींनी पुढच्या दोघींनी लिहिलं म्हणून लिहिलं असेल. लग्न न झालेली, घटस्फोटित, नवरा दूर असलेली बाई अशा यादीत नाव दिल्यावर घरी जाऊन काय विचार करेल ते बघा. शिवाय टेस्ट कारखान्याच्या दवाखान्यात होती. रिपोर्ट ऑफिसात येईल, कुणीतरी पाकीट उघडेल, ही भीती अगदी स्वाभाविक आहे. पुढच्या वेळी नावं चिठ्ठीवर किंवा फोनवर घ्या, रिपोर्ट थेट त्या बाईच्या हातात किंवा तिने दिलेल्या नंबरवर जाईल अशी सोय करा, आणि ही सोय आहे हे आधीच सांगा. व्यवस्थापनाकडे फक्त किती जणींची टेस्ट झाली तो आकडा गेला पाहिजे, नावं नकोत.

यादीतल्या ४८ जणींपैकी टेस्टची खरी गरज किती जणींना होती, तेही बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार एचपीव्ही टेस्ट वयाच्या ३०व्या वर्षापासून करावी आणि निगेटिव्ह आली तर दर ५ ते १० वर्षांनी पुन्हा करावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून त्यांनी २५पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. काही देश सगळ्यांनाच २५पासून बोलावतात. अगदी तरुण मुलींची टेस्ट करू नये, कारण त्या वयात हा संसर्ग खूप जणींना होतो आणि बहुतेकींचा दोनेक वर्षांत आपोआप जातो, मग उगाच घबराट होते. कॅन्सरखेरीज दुसऱ्या कारणासाठी मुखासकट पिशवी काढली असेल आणि पूर्वी गर्भाशयमुखाच्या पेशींत गंभीर बदल सापडले नसतील, तर टेस्ट लागत नाही. पण पिशवी काढताना काही वेळा मुख तसंच ठेवतात, त्यामुळे डिस्चार्जचे कागद बघितल्याशिवाय कुणालाही यादीतून काढू नका. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून आता गरज नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. एचपीव्हीची लस घेतली असली तरी टेस्ट करावी लागते. लस सगळ्या प्रकारच्या विषाणूंना अडवत नाही आणि आधीच असलेला संसर्ग घालवत नाही.

आता "मला काही त्रास नाही" याबद्दल. ताईंनीच नव्हे, ३७ पैकी बऱ्याच जणींनी हे म्हटलं असणार. न येण्याच्या कारणांत हे जगभर पहिल्या काहींत येतं, आणि याला "तुम्हाला कळत नाही" असं उत्तर देऊन चालत नाही. दुखलं की डॉक्टरकडे जायचं, ही आयुष्यभराची रीत आहे आणि बाकी बहुतेक आजारांत ती उपयोगी पडते. इथे आजाराचा वेगच वेगळा आहे. एचपीव्हीचा संसर्ग होऊन तो टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलतात. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. या सगळ्या काळात दुखत नाही, रक्त जात नाही, पाळीत फरक पडत नाही. पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत ते दिसत नाही, रक्ततपासणीत कळत नाही. पण त्याच काळात उपचार सोपे असतात : बिघडलेला भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात, नाहीतर विजेच्या तारेच्या कडीने कापून काढतात. पिशवी काढावी लागत नाही. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात.

उपचार केले नाहीत तर काय होतं, हे न्यूझीलंडमध्ये फार दुःखद मार्गाने कळलं. तिथे १९६० आणि ७०च्या दशकांत, पेशींतले बदल सर्वांत पुढच्या पायरीवर, म्हणजे सीआयएन-३ या पायरीवर असलेल्या काही स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता नुसती देखरेख ठेवली गेली. त्यांना ते सांगितलंही नव्हतं. १९८७ मध्ये प्रकरण बाहेर आलं, चौकशी झाली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला, आणि ज्यांच्यावर वेळेत नीट उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. हे दोन आकडे बायकांना जरूर सांगा. व्याख्यानात बहुधा मृत्यूचे आकडे सांगतात. तेही खरेच आहेत, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया या कॅन्सरने गेल्या. पण भीती एका मर्यादेपुढे गेली की बाई "कळायलाच नको" म्हणून पाठ फिरवते. वेळेत सापडलं तर ते मिटतं, हे तिच्यापर्यंत पोचायला हवं.

आणि एकदा टेस्ट करूनही फरक पडतो. महाराष्ट्रातल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट दिली, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू टेस्ट न दिलेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. दरवर्षी ही कटकट मागे लागणार, असं वाटून जी टाळते तिला हे सांगण्यासारखं आहे. दरवर्षी करायचीच नाही. ३५व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५व्या वर्षापर्यंत पुन्हा एकदा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०३०साठीचं किमान उद्दिष्ट आहे.

तरीही काही जणींना तपासणीच्या खोलीचीच भीती असते, आणि ती बोलून दाखवली जात नाही. लाज, दुखेल ही धास्ती, आधीच्या बाळंतपणातला किंवा तपासणीतला वाईट अनुभव, कधी त्याहून जास्त काही. पुरुष डॉक्टर असेल तर कितीतरी जणी दारातूनच परत जातात. म्हणून कोण नमुना घेणार आहे, हे आधी जाहीर करा आणि शक्यतो स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स बोलवा. व्याख्यानात कॅन्सर कसा होतो ते सविस्तर सांगतात, पण खोलीत नेमकं काय होतं ते कुणी सांगत नाही. ते असं :

आत जाण्यापूर्वी लघवी करून यायचं, भरलेल्या लघवीच्या पिशवीवर दाब पडला की दुखतं. कमरेखालचे कपडे काढायला आडोसा असतो, अंगावर चादर असते. सैल घागरा, गाऊन किंवा साडी असेल तर आतले कपडे तेवढे काढून बाकीचं वर घेऊन भागतं. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि बाजूला सोडायचे. स्पेक्युलम नावाचं चोचीसारखं उपकरण मिटलेल्या स्थितीत आत सरकवतात आणि हळूच उघडतात, म्हणजे गर्भाशयमुख दिसतं. मग मऊ ब्रश त्याच्यावर टेकवून पाचेक वेळा गोल फिरवतात. याला काही सेकंद लागतात. पाळीच्या वेळी येते तशी हलकी कळ येऊ शकते. ब्रश द्रवाच्या बाटलीत, उपकरण बाहेर, काम संपलं. सगळं मिळून पाच मिनिटं. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एखादा डाग पडला तर ते त्या ब्रशमुळे.

दुखतं ते बहुतेक वेळा दोन-तीन ठरावीक कारणांनी, आणि त्या प्रत्येकावर उपाय आहे. उपकरण मोठ्या मापाचं घेतलं जातं. अरुंद मापाचं मागता येतं, ज्यांना मूल झालेलं नाही किंवा पाळी गेली आहे त्यांनी तर मागावंच. उपकरण गार असतं. कोमट पाण्याने ओलं करून घ्यायला सांगता येतं, पाण्यात विरघळणारं जेल थोडंसं बाहेरच्या बाजूने लावलं तरी चालतं. आणि बाई श्वास रोखून मांड्या आवळते. उपकरण आत जाताना हळूहळू श्वास सोडला किंवा हलकं खोकलं, तर स्नायू सैल पडतात. गर्भाशयमुख मागे वळलेलं असेल तर ते लवकर दिसत नाही आणि उपकरण पुन्हा पुन्हा हलवलं जातं. अशा वेळी दोन्ही हातांच्या मुठी कमरेखाली घेतल्या की कंबर उचलली जाते आणि काम सोपं होतं. पाठीवर झोपणं नको वाटत असेल तर डाव्या कुशीवर झोपूनही नमुना घेता येतो. कुणा-कुणाला उपकरण स्वतःच्या हाताने आत घेणं सोयीचं वाटतं, तसंही करता येतं. मुख्य म्हणजे "थांबा" म्हटलं की डॉक्टरांनी थांबलंच पाहिजे. हे नमुना घेणाऱ्यांशी आधी ठरवा आणि बायकांनाही सांगा. पूर्वी बळजबरी सोसलेल्या बाईला या एका आश्वासनाने मोठा धीर येतो, आणि तिला स्वतःची गोष्ट कुणाला सांगावीही लागत नाही.

पाळी गेलेल्या बायकांचं थोडं वेगळं आहे. कोरडेपणामुळे त्यांना खरोखरच जास्त दुखतं. डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम काही आठवडे देऊ शकतात, मग तपासणी सुसह्य होते. व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी बघण्याची जी चाचणी अनेक शिबिरांत होते, ती या वयात भरवशाची राहत नाही, कारण पेशी ज्या पट्ट्यात बदलतात तो पट्टा वयानुसार मुखाच्या आत सरकतो आणि दिसेनासा होतो. तुम्ही एचपीव्ही टेस्ट निवडलीत हे चांगलं केलंत.

आणि एचपीव्ही टेस्ट निवडल्यामुळे तुमच्यापुढे एक वाट मोकळी आहे, जी पॅप टेस्टमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्या टेस्टमध्ये, नसते. या टेस्टचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. टेस्ट पेशींचा आकार बघत नाही, विषाणूचा डीएनए शोधते, आणि तो योनीमार्गातल्या स्रावातही सापडतो. लॅब पीसीआर पद्धतीची टेस्ट वापरत असेल, तर स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वासाचा असतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून हा पर्याय तपासणीस पात्र असलेल्या प्रत्येकीला दिला. तुमच्या लॅबला एकच प्रश्न विचारा : "तुमची टेस्ट स्वतः घेतलेल्या नमुन्यासाठी प्रमाणित आहे का, आणि त्यासाठी कोणता स्वॅब लागतो?" कुठलाही कापसाचा बोळा चालत नाही.

पद्धत अशी. हात धुवायचे. स्वॅबचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही. एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहायचं किंवा उकिडवं बसायचं. एका हाताने बाहेरच्या घड्या बाजूला करून स्वॅब खुणेपर्यंत, सुमारे चार-पाच सेंटीमीटर, आत सरकवायचा, दिशा पाठीकडे तिरकी. गर्भाशयमुखापर्यंत पोचायची गरज नाही. कडेला टेकवत २० ते ३० सेकंद गोल फिरवायचा, बाहेर काढायचा, नळीत घालायचा, झाकण घट्ट. चुका होतात त्या अशा : स्वॅब अगदी वरवर फिरवला जातो, टोकाला बोट लागतं, नळीतलं द्रव सांडतं, आणि सगळ्यात जास्त वेळा नळीवर नाव-तारीख लिहायची राहते. जास्त रक्तस्राव चालू असताना नमुना घेऊ नये, आणि आधीचे दोन दिवस योनीत क्रीम किंवा औषधाच्या गोळ्या ठेवू नयेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा : टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी डॉक्टरकडे, स्पेक्युलम लावूनच होईल. हे लपवलं तर पुढच्या टप्प्यावर बाई आपली फसवणूक झाली असं समजेल, आणि तिचं चूक नसेल.

पॉझिटिव्ह आलेल्या तुमच्या सहकारी मैत्रिणीकडे वळू. तिच्या घरचं भांडण हे तुमच्या दुसऱ्या शिबिरापुढचं सगळ्यात मोठं संकट आहे, कारण ३७ जणी ते बघताहेत. तिला आणि तिची तयारी असेल तर तिच्या नवऱ्यालाही डॉक्टरांनी समोर बसवून हे सांगायला हवं. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी एचपीव्ही होतोच. तो कित्येक वर्षं, अगदी दशकंसुद्धा, शरीरात गुपचूप राहून मग टेस्टमध्ये दिसू शकतो. त्यामुळे आज तो सापडला यावरून तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. रिपोर्ट नवऱ्याच्या चारित्र्याचाही पुरावा नाही आणि बायकोच्याही नाही. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईचीही टेस्ट पॉझिटिव्ह येते.

आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणू आहे, एवढंच. १६ आणि १८ हे त्याचे दोन प्रकार मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरना कारणीभूत असतात, म्हणून रिपोर्टवर प्रकार लिहिलाय का ते बघा. त्या दोहोंपैकी एखादा असेल तर सहसा थेट कॉल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघायला पाठवतात. दुसरा प्रकार असेल तर आधी पॅप किंवा व्हिनेगरची चाचणी करून ठरवतात. त्यात काही आढळलं नाही, तर वर्षा-दोन वर्षांनी एचपीव्ही टेस्ट पुन्हा. विषाणूवर औषध नाही, उपचार होतात ते बदललेल्या पेशींवर. ती तंबाखू ओढत असेल तर ते सोडणं हे तिच्या हातातलं खरं औषध आहे, कारण धूम्रपानाने संसर्ग टिकून राहतो. तिच्या पुढच्या तपासणीची तारीख अजून घेतली नसेल तर तुम्ही सोबत जाऊन घ्या. भांडणात ती तारीख विसरली जाण्याचा धोका सगळ्यात जास्त आहे.

दोन न आलेल्या रिपोर्टसाठी आज लॅबला फोन करा. नमुना पोचलाच नाही, नळीवर नाव नव्हतं, की नमुना अपुरा निघाला? अपुरा निघाला असेल तर टेस्ट पुन्हा करावी लागेल. अपुरा म्हणजे वाईट असा अर्थ नाही, हेही त्यांना सांगा. या दोघींना "काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक असणार" असं कुणीही म्हणू नये. टेस्ट करून रिपोर्टच मिळाला नाही, अशी बाई पुन्हा येत नाही आणि आपल्यासोबत आणखी चार जणींना थांबवते. पुढच्या वेळी एक वही ठेवा, कुलपात : क्रमांक, टेस्टची तारीख, रिपोर्ट कधी यायला हवा, कधी आला, बाईला कधी दिला, पुढे काय करायचं, पुढची तारीख. रिपोर्टची मुदत उलटली की लॅबला फोन कोण करणार, त्या एका माणसाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

घरच्यांच्या परवानगीचा प्रश्न काहींना असेल. नवऱ्याला किंवा सासूला विचारल्याशिवाय जायचं नाही असं जिच्या घरी आहे, तिला हिंमत दाखवायला सांगून आपण सुटतो, ती अडकते. घरी दाखवता येईल असा अर्ध्या पानाचा कागद द्या : टेस्ट कशाची, कोण करणार, किती वेळ, खर्च नाही. सासूबाईंचं वय बसत असेल तर त्यांनाही सोबत येऊ द्यायची सोय करा, दोघींचं एकदम होईल.

तर पुन्हा शिबिर घ्या, पण व्याख्यान नको. इंग्लंडमध्ये पॅप टेस्ट १९६०च्या दशकापासून उपलब्ध होती, तरी १९८८ मध्ये पात्र स्त्रियांपैकी जेमतेम ४२ टक्के जणींची तपासणी वेळच्या वेळी झालेली होती. त्या वर्षी प्रत्येक स्त्रीला नावानिशी बोलावणारी आणि ठरावीक काळाने पुन्हा बोलावणारी संगणकीय यादी सुरू झाली, पुढे डॉक्टरांचं मानधनही तपासणीच्या प्रमाणाशी जोडलं गेलं. १९९४ पर्यंत प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं. सहा वर्षांत तिथल्या बायकांची लाज गेली नव्हती की भीतीही. त्यांना तारीख मिळाली आणि न आल्यास पुन्हा बोलावणं आलं.

तुम्हीही प्रत्येकीला वेगळी चिठ्ठी द्या : "तुमची टेस्ट अमुक तारखेला, सव्वादहा वाजता. नमुना नर्स घेईल किंवा तुम्ही स्वतः घेऊ शकता. ही तारीख जमत नसेल तर दुसरी अमुक." कारखान्याच्या दवाखान्यात नेहमी बसणारे डॉक्टर असतील तर त्यांना विनंती करा, की सर्दी-खोकल्याला आलेल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईला त्यांनी एक वाक्य विचारावं, "तुमची गर्भाशयमुखाची टेस्ट झाली आहे का?" ओळखीच्या डॉक्टरांनी समोरासमोर सुचवणं, याइतका परिणाम पोस्टरचा कधीच होत नाही. चिठ्ठीनंतर न आलेलीला दोनदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको. तिचा नकार असेल तर तो स्वीकारा, वहीत पुढच्या वर्षाची तारीख घाला आणि तिच्याशी नेहमीसारखं बोला.

तुमची स्वतःची टेस्ट त्या ११ जणींत होती का, हे पत्रात नाही. नसेल तर नव्या यादीतली पहिली वेळ तुमच्या नावाने लिहा. आणि पहिल्या फेरीत निगेटिव्ह आलेल्यांना त्यांची पुढची तारीख आत्ताच लिहून द्या, महिना आणि वर्षासकट, रिपोर्टच्याच कागदावर.